साठ देशी दिवे

३ जाने.
महिला मंडळाची मीटिंग. विषय संक्रांतीचं वाण. अध्यक्ष आमच्या बी विंगच्या देशमुख काकू. त्यांच्यापुढे सोसायटीचा चेअरमनही आवाज काढत नाही. म्हणाल्या, सीमेवर एवढं चाललंय, यंदा चायनाची टाचणीसुद्धा नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मग काकू माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, तुझ्या कंपनीत चार्जिंगचे दिवे बनतात ना? तुझे मिस्टर सांगत होते. साठ नग आण."
मिस्टर सांगत होते. मिस्टरांना सांगायला काय जातं.
म्हटलं, विचारते. 'नाही' अगदी ओठांवर होतं, पण नाही आलं बाहेर.

५ जाने.
फर्स्ट शिफ्ट. कुणाला सांगता येत नाही, तर इथे लिहून टाकते. आमच्या कंपनीत दिवे बनत नाहीत. येतात. कंटेनर उतरतो, आम्ही बारा जणी टेबलांवर बसतो. दिव्याच्या बुडाचा चंदेरी स्टिकर नखाने काढायचा, थिनरचा बोळा फिरवायचा, आपला तिरंगी पट्टीचा स्टिकर लावायचा, आपल्या खोक्यात भरायचा. मोबाइल गेटवर जमा. चाकणला एवढं मोठं शेड, आणि आत मशीन म्हणाल तर एक चहाचं.
दिवाळीपासून मी लाइन लीडर आहे. म्हणजे कुणाचा स्टिकर तिरका लागला तर मी ओरडते.
घर माझ्या पगारावर चालतं, पिंकीची बारावी आहे. पुढचं काय लिहायचं.

६ जाने.
ह्यांनी आज बायोडाटा हातात ठेवला. दोन पानं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, वर फोटो, केसांना तेल लावून काढलेला.
भोसरीत ह्यांचं मोल्डिंगचं शेड होतं. दोन मशीन, सोळा वर्षं. दिव्यांच्याच बॉडी काढायचे. एक दिवस पार्टीने चायनाचा तयार पीस टेबलावर ठेवला. ह्यांना कच्चं प्लास्टिक ज्या भावात पडायचं, त्याहूनही तो स्वस्त. सहा महिन्यांत शेड गेलं. आता मोशीला एका गोडाऊनवर सिक्युरिटीत आहेत, कायमची नाइट. शिट्टी आणि रजिस्टर.
"दिवे काढता म्हणजे मोल्डिंगला अनुभवी माणूस लागतच असेल तुमच्याकडे. सरांना दे."
"देते."
तीन वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा ह्यांचं तोंड बघवत नव्हतं. 'चला, आपल्या घरातलं कुणीतरी अजून दिवे बनवतंय' असं म्हणाले होते, आणि बऱ्याच दिवसांनी दाढी केली होती. कशी सांगणार.
बायोडाटा डब्याच्या पिशवीत.

८ जाने. गुरुवार, सुट्टी
दोघं पिंपरी कॅम्पात. हळदी-कुंकवाच्या पुड्या, हलवा, तीळ. पिंकीला कंगवा. ह्यांनी प्रत्येक वस्तू उलटी करून पाहिली. कंगवा, डबा, चाळणी. दुकानदार कंटाळला. "भाऊ, खोकं आपल्याकडचं आहे. आतलं मला नका विचारू."
हे हसले नाहीत. मी हसले, उगाचच, मोठ्याने.
येताना गाडीवर मला शिकवणी. बाहेरून काही कळत नाही, आतून बघायचं. साच्यात कोरलेलं असतं ते प्लास्टिकवर उमटतं, ते काही स्टिकरसारखं निघत नाही. मी मागे बसून हं हं केलं. कंगवा शेवटी घेतलाच नाही.

१२ जाने.
मनात होतं, सरच नाही म्हणतील, सुटले. तोंड बारीक करून विचारलं. सर म्हणाले, "अरे मॅडम, घर का ही माल है, ले जाओ." वर स्टाफचा रेट. देव कधी नव्हे तो माझ्यावर प्रसन्न झाला, तेही असा.
साठही दिव्यांचे स्टिकर मी स्वतः लावले. दुसऱ्या कुणाला लावू द्यावेसे वाटेनात. एकही तिरका नाही.
घरी हे दारातच. "बायोडाटा दिलास?"
"सर रजेवर आहेत."
"मग दिवे कोणी दिले?"
"दुसऱ्या सरांनी."
दुसरे सर नाहीतच. आता तेही सांभाळायचे.

१४ जाने. संक्रांत
सासूबाईंना तीळगूळ दिला. त्या मावळातल्या, ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं पण नाक शाबूत. माझा हात धरून ठेवला.
"ह्यो कसला वास गं?"
"थिनर, आई. कंपनीतला. मशीन पुसायला."
"मशीन न्हाई म्हनत व्हतीस की मागं."
मी कधी बोलले होते देव जाणे. आजारी होत्या तेव्हा असेल, ग्लानीत आहेत समजून.
"आज ग्वाड बोल म्हनत्यात पोरी. खोटं बोल न्हाई म्हनत."
पुन्हा पोथी चाचपत बसल्या. ह्यांना सांगणार नाहीत. ते जास्त लागलं.

१७ जाने.
हळदीकुंकू झालं. साठ जणी. प्रत्येकीला हळद, कुंकू, तीळगूळ, मग पदराचं टोक लावून दिवा. काकूंनी वाटपाला मलाच बसवलं, 'तुझ्याच हातचे' म्हणून. सी विंगची नवी सून दिवा कपाळाला लावून पाया पडायला वाकली. मी तिला वरच्यावर धरलं. लाज वाटली. साधी, सरळ लाज, अंगभर.
हे खाली पार्किंगमध्ये खोकी मोजून देत होते. नाइट करून झोपले नव्हते. नवा शर्ट.

२२ जाने. गुरुवार
दुपारी समोरच्या कुलकर्णी वहिनी दिवा घेऊन आल्या. लुकलुकतोय. "भाऊजी, तुमच्याच घरचा माल, बघा जरा."
ह्यांना केवढा आनंद. पेटी काढली, बारका स्क्रू ड्रायव्हर, पेपर पसरला. मी कणीक मळत होते. ओट्याशी उभी राहून चारही स्क्रू निघताना पाहिले. थांबवायचं तर काय सांगून थांबवायचं.
झाकण निघालं. ह्यांनी ते खिडकीकडे धरलं. चष्मा लावला. पुन्हा धरलं. आत काय आहे मला माहीत आहे. चार चिनी अक्षरं, आणि खाली गोलात आकडे.
मग वायर जोडली, झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले. वहिनींना म्हणाले, "वायर सुटली होती. झालं."
जेवताना एवढंच, "मीठ दे."

२४ जाने.
दोन दिवस घरात आवाज फक्त पिंकीचा आणि मिक्सरचा. सकाळी हे ड्यूटीवरून आले तेव्हा म्हटलं, "अहो, ऐका ना."
"झोपू दे. नाइट झालीये."
चादर डोक्यावरून. मी बसला गेले. टेबलावर नख लावलं आणि पहिल्यांदाच स्टिकर निघेना.

२६ जाने.
झेंडावंदन. काकूंनी मला पुढे बोलावून नारळ दिला. ह्यांनाही ओढलं. "हे मशीनवाले. तुम्ही सांगा भाऊजी, कसा आहे आपला माल?"
सगळी सोसायटी बघत होती. हे माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, आता. एका परीने बरंच वाटलं.
"फिनिशिंग चांगलं आहे," हे म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या.
वर आल्यावर मी नारळ देवापुढे ठेवायला गेले. ठेववेना, मग फ्रिजवर ठेवला. हे बूट सोडत होते. खाली मान घालूनच म्हणाले, "उद्या बसने जाऊ नको. मी सोडतो. सरांना भेटू."
"अहो, तिथे मोल्डिंग नाही."
शेवटी बोलले. तीन वर्षांनी, बुटांशी.
"माहीत आहे. स्टिकर लावायला लागतं ना कुणीतरी? ते जमेल मला. नाइटपेक्षा बरं."
रागाने म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. सासूबाई आतून खोकल्या.
बायोडाटा पिशवीतून काढला. फोल्डरला डब्याचं तेल लागलंय, पण पानं कोरडी आहेत. पुसून ह्यांच्या हेल्मेटशेजारी ठेवलाय.