दादाचा डावा अंगठा

रविवार, जानेवारी २००६

दादाचं विमान आज मोडलं. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्याचा उजवा हात गेला, तरी विमानाचा रिमोट डाव्या अंगठ्यानं चालवीन म्हणाला होता. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा मी शाहूपुरीतून आणला. तो खुर्चीतून सांगत गेला तसा कापला, चिकटवला.

कळंब्याच्या माळावर रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला आणि विमान हातानं सोडलं. झकास वर चढलं. मी ओरडले, "दादा, वळव की!"

अंगठा हललाच नाही. विमान नाकावर आपटलं. परवापर्यंत तर हलत होता ना? की मीच नीट बघितलं नाही?

"परत करू की, पत्रा उरलाय," मी म्हटलं.

"नगं," दादा म्हणाला. "अंगठा हलतोय का न्हाय, एवढंच बघायला आलतो मी. चार दिवस झालं, जोर न्हाय त्यात."

चार दिवस हे त्यानं सांगितलं नाही. मी शेजारी बसून पंख चिकटवत होते.

घरी वहिनीनं दारातच विचारलं, "उडलं का?"

आम्ही दोघंही एकदम "व्हय" म्हणालो. वहिनी किती दिवसांनी हसली. उद्या तिला अंगठ्याचं सांगायचं कुणी?