सान मारिनोची सरदारकी

अल कुसैस, दुबई
१२ नोव्हेंबर २०२५

कुंदाताई,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुम्हीही मिरजेत मजेत असाल, असं धरून चालतो.

हवामानाबद्दल या वेळी लिहिणार नाही. इथला मुक्काम हलवून तुम्ही गेलात, तेव्हा विमानतळावर मला म्हणाला होतात, "फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं हवामान सांगता. पत्र लिहिलंत तर निदान काही खरं लिहाल." त्याला आता दोन वर्षं होतील. मधे मी पत्रं लिहिलीही, पण त्यांतसुद्धा हवामानच होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ते बरोबरच केलंत. मात्र गेल्या महिन्यात मिरजेहून इकडे येणाऱ्या संजयबरोबर मेतकुटाची बरणी पाठवलीत. ती मी कपाटात ठेवली आहे आणि एकटाच खातो. पोटच्या मुलीला, ऋतालाही सांगितलेलं नाही.

आता बातमी. जरा बसून वाचा. मला सान मारिनो या देशाने सरदार केलं आहे.

हसून झालं असेल तर पुढे लिहितो. इटलीच्या पोटात हा देश आहे, आणि नकाशात शोधायला चष्मा लागतो. तुमच्या मिरजेत त्याच्यापेक्षा जास्त माणसं असतील. पण त्यांच्याकडे मानकऱ्यांना सरदारकी द्यायची जुनी पद्धत आहे, आणि परदेशी माणसालाही ती देतात. तिच्यातली खालची पायरी माझ्या वाट्याला आली. तिला 'कावालिएरे' म्हणतात, म्हणजे घोडेस्वार. निळ्या-पांढऱ्या फितीला लटकवलेला क्रूस मिळणार आहे. इशिताने लगेच विचारलं, "आजोबा, डू यू गेट अ हॉर्स?" मी म्हटलं, बाई गं, आपल्या गल्लीत गाडीला पार्किंग मिळत नाही, घोडा कुठे बांधू? नात माझी, पण तिचा विश्वास बसलेला नाही. ती अजून घोड्याची वाट पाहते आहे.

कशाबद्दल, ते तुम्हाला सांगायला नकोच. लॉकडाउनमध्ये विमानं बंद झाली आणि आपल्या समोरच्या हॉटेल अपार्टमेंटमध्ये सान मारिनोहून फिरायला आलेली ती म्हातारी मंडळी अडकली, त्याबद्दल. ए.सी. दुरुस्तीचा परवाना असल्यामुळे मला हिंडता येत होतं. मी त्यांची औषधं आणत होतो, त्यांच्या कॉन्सुलशी मोडक्या इंग्रजीत बोलत होतो. पण त्यांना रोज जेवायला कोण घालत होतं? तुमचं बिनफोडणीचं वरण आणि आसट भात. त्यांच्यातल्या बियांकाबाई पहिल्या दिवशी डब्याकडे संशयाने बघत होत्या आणि आठवड्याभरात जास्तीचं तूप मागायला लागल्या. त्याच बाईंनी घरी गेल्यावर पाठपुरावा केला. आता काठी घेऊन चालतात, पण सरकारी कचेरीत जाऊन बसायच्या म्हणे. पाच वर्षं लागली. सरकार लहान असलं तरी सरकारच.

मी कॉन्सुलसाहेबांना फोन करून स्पष्ट सांगितलं की यातली अर्धी सरदारकी दुसऱ्या एका बाईंची आहे. ते फार सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, ठराव एकाच नावाचा झालाय, आता बदलता येणार नाही. पण जानेवारीत इथेच दुबईत समारंभ आहे, तेव्हा आपल्या माणसाला बरोबर आणा, दोघांनी पुढे या, मी सगळ्यांसमोर त्यांचंही नाव घेईन. 'आपलं माणूस' हा शब्द त्यांनी अर्थात इंग्रजीत वापरला. माझ्या डोक्यात तो मराठीत पडला आणि तिथेच अडकून बसला.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. चहा करून आलो. आता लिहितो.

बातमी कळल्यावर ऋताने सत्यनारायण घालायचा ठरवला. दुसऱ्या देशाने सरदार केलं तरी प्रसाद शिऱ्याचाच. गुरुजी शारजाहून आले, चौरंग मांडला, मी सोवळं नेसून पाटावर बसलो. गुरुजींनी नेहमीप्रमाणे एक सुपारी पुढे केली आणि म्हणाले, "सदानंदराव, ही कमरेला खोचा." पत्नी शेजारी नसली की तिच्या जागी सुपारी खोचून पूजेला बसायचं. अस्मिता गेल्यापासून मी हे कितीदा केलंय. ऋताच्या नव्या घराची वास्तुशांत मी तशीच केली, आणि तेव्हा अस्मिता खरंच बाजूला आहे असं वाटलं होतं.

या वेळी हात पुढे गेला नाही. सुपारी घ्यायची म्हणजे अस्मिताला आठवायचं, आणि मी आठवत होतो तुम्हाला. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून वरण घोटत होतात, मी दारात डबे घेऊन उभा होतो आणि तुम्ही मागे न बघता म्हणत होतात, "चपला बाहेर काढा." मनात एक बाई आणि कमरेला दुसरीची सुपारी, हे देवासमोर मला जमेना. मी गुरुजींना म्हटलं, आज मला बसता येणार नाही, जोडप्याला बसवा. ऋता आणि यतीन बसले. मी मागे खुर्चीवर बसून कथा ऐकली आणि एक अक्षर कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर ऋता स्वयंपाकघरात आली. मी भांडी आवरायचं नाटक करत होतो. ती म्हणाली, "बाबा, आय अ‍ॅम नॉट ब्लाइंड. कुंदाकाकूंना विचारलंत का?"

मी म्हटलं, काय विचारायचं?

"ते मी सांगू? आईला मी विसरणार नाहीये, तुम्हीही विसरू नका. पण रोज संध्याकाळी खाली उतरून त्यांच्या बंद खिडकीकडे बघता, ते आधी थांबवा. वॉचमनपण विचारतो मला."

माझी मुलगी मला असं बोलली आणि मला लाज वाटायच्या ऐवजी इतकं हलकं वाटलं की मी तिथेच उभ्या उभ्या रडलो. तिने माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि स्वतः घासलं.

कुंदा, मला तुमची आठवण येते. शेजारीण म्हणून नाही. हे तुम्ही इथे होतात तेव्हाच बोलायला हवं होतं, असं आता म्हणण्यात अर्थ नाही. तेव्हा अंकुरचं कॅनडाला जायचं चाललं होतं, तुमचं त्याच्याबरोबर जायचं की नाही हे चाललं होतं, आणि इमारतीतले लोक आपल्या डब्यांच्या येण्याजाण्यावर बोलायला लागलेच होते. लोक आताही बोलतील. माझी त्याला हरकत नाही, तुमची आहे का ते मला माहीत नाही. अंकुरशी मी बोललेलो नाही. तो तुमचा मुलगा, त्याला काय आणि कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा.

माझं वय त्रेसष्ट, साखर काठावर, रात्री घोरतो. धंदा यतीनने बराचसा हातात घेतलाय, त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर. तुम्हाला दुबई नको असेल तर मिरजेत ए.सी. बिघडतच असतील. मी तिकडेही राहीन. मला शेजारी तुम्ही हव्या आहात, गाव कुठलंही चालेल.

समारंभात माझ्या बाजूला उभं राहायला या. आलात, क्रूस बघितलात आणि निघून गेलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. पण खरं लिहायचं ठरलंय. मला वाईट वाटेल, फार वाटेल, तरीही या.

व्हिसाचं यतीन बघतोय. "यल्ला, चला बाबा, पासपोर्टचा फोटो मागवा, दोन दिवसांत खलास," म्हणतो. फक्त व्हिजिट व्हिसावर परतीचं तिकीट दाखवावंच लागतं, त्यामुळे परतीची तारीख कुठली टाकू, असं तो विचारतोय. तुम्ही सांगाल ती टाकतो. ती तारीख नंतर पुढे ढकलता येते, पाहिजे तेवढ्या वेळा, हे मी त्याच्याकडून नीट विचारून घेतलं आहे.

उत्तराची वाट बघणारा,
तुम्ही म्हणाल तर तुमचा,
सदानंद