समुद्रावर जाताना दोघींना सूचना

शनिवार, ४ फेब्रुवारी

पोचलो! खोलीतून समुद्र दिसतो. म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन मान वाकडी केली की दिसतो. जाऊबाई आल्यापासून तिथेच मान वाकडी करून उभ्या आहेत.

वीस वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला, पण दोघी एकदम घराबाहेर कधी पडलो नाही. एकीला घर सांभाळायला लागायचंच. या वेळी दोघे भाऊ आपापल्या बायकोला आपणहून म्हणाले, जा, मजा करून या. तिकिटंसुद्धा काढून आणली. मी हवेतच होते. मग निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी हळूच सांगितलं – "दोन खोल्या भाड्याने बघितल्यात. आपण वेगळं राहू. तिकडे मूड बघून वहिनीला सांगून टाक."

मीच का? तर रंगाच्या दुकानात शेजारी शेजारी बसणारे हे दोघे भाऊ गेल्या उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. कुठले डबे पुढे मांडायचे यावरून बिनसलं. तेव्हापासून सगळे निरोप आम्हा दोघींमार्फत. "त्याला सांग, पांढरा संपलाय." आता घर मोडायचा निरोपही माझ्याच गळ्यात.

मला नाही जायचं वेगळं. जाऊबाई शेजारी नसल्या तर माझं भाजीतलं मीठसुद्धा चुकतं. उद्या सांगेन.

रविवार, ५ फेब्रुवारी

जाऊबाई म्हणजे सूचनामंत्री. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवायचं. ओळखपत्राची झेरॉक्स जवळ, मूळ प्रत खोलीतल्या लॉकरमध्ये. सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की आइस्क्रीमच्या गाडीसमोर दोघी वाळूत बसून चपलांपासून पावडरच्या डबीपर्यंत सगळं उलटंपालटं करत होतो! नोटा निघाल्या टोपीच्या अस्तरात. आइस्क्रीमवाला म्हणाला, "मावशी, मला तर चोराचीच दया येते."

हसून हसून पोट दुखलं. अशात कसं सांगणार?

सोमवार, ६ फेब्रुवारी

पाण्यात गेलो! जाऊबाईंनी लांबवर एक शांत पट्टा हेरला. "तिथे जाऊ या गं बारके, लाटाच नाहीत बघ." तेवढ्यात जीवरक्षकाने शिट्टी मारली. त्या दोन झेंड्यांच्या मध्येच राहायचं म्हणाला. लाटा फुटत नाहीत तिथेच पाणी आत खेचतं. खेचलंच तर उलट झटायचं नाही, दम टिकवायचा आणि हात वर करायचा.

जाऊबाईंनी लगेच हात वर करून सराव केला. तो बिचारा ते तरंगायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं. मग जी बोलणी बसली ती मलाही बसली, कारण मी हसत होते.

संध्याकाळी मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या. "बारके, तुला एक सांगायचं होतं..." मग म्हणाल्या, "नाक सोललंय तुझं. क्रीम लाव."

मंगळवार, ७ फेब्रुवारी

आजही नाही सांगितलं. ह्यांचे तीन फोन आले, घेतले नाहीत. फोन वाळूत नेऊ नये असं जाऊबाईंचं म्हणणं आहे आणि मला ते एकदम पटलंय.

बुधवार, ८ फेब्रुवारी

अजून जमिनीवर आल्यासारखं वाटत नाही. अक्षर वेडंवाकडं येणार.

मोठ्या छत्रीला बांधून बोटीमागे हवेत उडवतात, त्यात बसलो. दोघी एकाच छत्रीला! जाऊबाईंनी आधी बोटवाल्याचा जीव खाल्ला. दोर कधी बदललात, जॅकेटचा पट्टा सैल का, वारा जास्त तर नाही? माझे पट्टे तर त्यांनी स्वतः ओढून पाहिले, पार श्वास अडकेपर्यंत.

मग वर. खाली सगळं एवढंएवढंसं. आणि वाऱ्यात त्या ओरडल्या, "बारके, हे म्हणालेत तुम्ही वेगळं घर बघा! तिथे गेल्यावर सांग म्हणाले, माझ्याच्याने होईना गं!"

मी ओरडले, "आम्ही बघितलंय! मलाही तेच सांगायला पाठवलंय!"

म्हणजे म्हणून ही तिकिटं! दोघांच्या डोक्यात एकच शिजत होतं आणि एकमेकांना पत्ता नाही. आम्ही इतक्या हसलो की दोर हलायला लागला. मग मी रडले. त्याही रडल्या.

"तुला जायचंय का पण?"

"नाही हो ताई."

"मला पण तू जायला नकोयस," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. उतरेपर्यंत सगळं ठरलं होतं.

रविवार, १२ फेब्रुवारी

दोघांनाही वेगळं घर हवं होतं. मिळालं. आज दोघे भाऊ त्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. जाऊबाईंनी दारात बजावलं – पैसे एका खिशात ठेवू नका, दाराला आतून कडी लावा, पोचल्यावर फोन करा.

आत्ताच मोठ्या भावजींचा फोन आला होता. ते काही बोलायच्या आत मागून ह्यांचा आवाज आला, "अरे दादा, कुकरात पाणी घातलंस का?"

जाऊबाईंनी फोन बंद केला नाही. दोघी एकाच फोनला कान लावून बराच वेळ ऐकत बसलो.