होडी वर घेतल्यान काय

४ मे
मिठबावचं भाषण झालं. विषय मीच मागून घेतला होता: सतराव्या वर्षी खून करणाऱ्याला मूल म्हणायचं का? आमच्या वाडीबद्दल बोलतोय हे सगळ्यांना ठाऊक. "जेटीवर पर्यटकांसमोर थप्पड खाल्ली. घरी चालत गेला, कोयता घेतला, परत चालत आला. वीस मिनिटं. राग वीस मिनिटं चालत नाही. चालतो तो निश्चय." टाळ्या. थप्पड मारली ती भिकूने, मेलाही तोच. त्याची बायको सुलभा पहिल्या रांगेत होती. तिने वाजवल्या नाहीत.
घरी आमची ही, माई, पाणी देऊन उभी राहिली. "टाळ्ये बरे पडले मां? आमच्याचा नाव घेवंक नाय, येवढा बरा केलास."
अल्पवयीनाचं नाव घेता येतच नाही, कायदा आहे. इथेही लिहीत नाही. वाडीतलाच पोर, माई त्याला "आमचो" म्हणते. तेच असू दे.

७ मे
पुस्तकांची धूळ झाडली. माझे डोळे अधू झाल्यापासून तीन वर्षं आमचा रोज दुपारी येऊन वाचून दाखवायचा. आधी माईची पेज प्यायची, मग वाचन. मध्येच थांबायचा: "सर, हो माणूस खोटा बोलता. मागच्या पानार वेगळा सांगल्यान." मी पन्नास वर्षांत तीनदा वाचलेलं पुस्तक, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.
एक खोड मात्र होती. आवडता माणूस गोष्टीत मेला की पुढे वाचायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. मी ओरडायचो. एका कादंबरीचा शेवट म्हणून अजून कळलेला नाही मला.
भिकूने त्याला पोहायला शिकवलं. दोघं एका ताटात जेवलेले.

११ मे
ओरोसहून परिवीक्षा अधिकारी आल्या. तरुण मुलगी, वही स्वच्छ. मुलगा कसा होता, घर कसं, शाळा कशी. महिनाभर त्याच्याबद्दल कोणी चांगलं विचारलं नव्हतं. मी सुटलोच. म्हटलं, चाळिशीच्या माणसांना उमगत नाही ते याला उमगतं. कशातून काय निघणार हे दोन पानं आधी सांगतो. पहिल्या पानाची खोड नाही सांगितली. तेवढीच काय ती बालिश गोष्ट, पाहुण्यांसमोर कशाला.
स्वयंपाकघरात दोनदा भांडी आपटली. मांजर असेल म्हटलं.

१५ मे
आमच्याचा बाप दत्ताराम आला. घरात येत नाही हल्ली, बाहेर अंगणात, खळ्यातच बसतो. वकिलाने त्याला अहवाल वाचून दाखवला. "परिणाम समजण्याची पूर्ण क्षमता." आधाराला माझं नाव. तीन जूनला बाल न्याय मंडळ ठरवणार: खटला तिथेच ठेवायचा, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह, की मोठा माणूस समजून वरच्या कोर्टात पाठवायचा. तिथे जन्मठेपही होऊ शकते.
दत्ताराम रागावला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, तुम्ही त्येचा वायट सांगलास असता तर बरा झाला असता. खुळो आसा म्हणान सांगूचा होता."
तो गेल्यावर माई: "मीया भांडी काय हौसेन आपटी होतंय?"

१६ मे
मिठबावला जे मागितलं तेच तर मिळतंय. मग…

खारेपाटणचं व्याख्यान रद्द केलं. घसा बसलाय असं कळवलं. घसा ठणठणीत आहे.

१९ मे
दत्ताराम निरीक्षणगृहात भेटून आला. तिथे बसल्याबरोबर पोराने पहिलं विचारलं: "बाबा, भिकूकाकान होडी वर घेतल्यान काय?"
मी दत्तारामला पुन्हा सांगायला लावलं. तेच सांगितलं. भिकू जिवंत असल्यासारखं.
दिवस पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढायचेच आहेत. घरटी एक माणूस, सगळी वाडी एकेका होडीला लागते. हाक भिकूची, आणि होडीखाली ओंडके सरकवायचे ते आमच्याने. यंदा सगळ्या वर आल्या, झावळ्यांखाली गेल्या. भिकूची तेवढी पाण्याशी. सुलभा सांगत नाही, कोणी पुढे होत नाही.
वकिलाने पढवलं असेल? दत्तारामला तर मासळीच्या भावातही खोटं बोलता येत नाही. आणि पोराला? माहीत नाही. इतकं वाचलेला पोर.

२० मे
मंडळाला पत्र टाकलं. माझं सांगणं अर्धं होतं, उरलेलं ऐकून घ्या. शिक्षा नको असं लिहिलेलं नाही. तसं माझं मत नाही.

२२ मे
सुलभाकडे गेलो. तिला दुसऱ्याकडून कळायला नको. पोराने होडीचं विचारलं ते सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. "वकिलान शिकवलेला असतला."
म्हटलं, असेल. मग पत्राचं सांगितलं. तेव्हा तिने वर बघितलं. "मिठबावाक माझ्यासाठी बोललास. आता त्येच्यासाठी. सर, तुमका एक तोंड पुरणा नाय."
चाळीस वर्षं लोकांना उत्तरं दिली. इथे नुसता उठलो.
चपला घालत होतो, तेव्हा मागून: "त्येका पेजेत मीठ वायच जास्ती लागता. थंय कोण देतला." आणि दार लावून घेतलं.

२८ मे
सकाळी सुलभा घरोघर फिरली. होडी ओढायचीय, माणूस धाडा. दत्तारामच्या दारातही गेली. तो आला, दोराच्या शेवटी उभा राहिला. कोणी त्याच्याशी बोललं नाही, दोरही कोणी काढून घेतला नाही.
ओंडके सरकवायला कोणी नव्हतं. मी बसलो. सत्तराव्या वर्षी वाळूत उकिडवा. होडी निघाली, बोटं जेमतेम वाचली. सुलभा हाक घालत होती, मध्येच थांबून म्हणाली, "सर, बोटां सांभाळा. त्येंकाच काय ता काम आसा." सगळे हसले. दत्ताराम सोडून. मग तोही थोडा.
झावळ्या तिने स्वतः बांधल्या.

२ जून
उद्या ओरोस. दहा मिनिटं मिळतील असं कळवलंय. तीनदा लिहून काढलं, तिन्ही वेळा भाषण झालं. माई म्हणते, पहिल्या पानाचं सांगा नि उगी रवा. बरोबर आहे तिचं. ते ऐकून मंडळ काय ठरवेल, सांगता येत नाही. भिकू पहिल्या पानावर परत येणार नाही, हे आमच्याला कोणी सांगायचं, तेही…
संध्याकाळी सुलभा आली. खळ्यात नाही, घरात. माई म्हणाली बस, तर उभीच. "मीया येतंय उद्या. होडी वर घेतली म्हणान त्येका तुम्ही कोणी सांगू नकात. माझ्या तोंडान आयकू दी."
आणखी काय सांगणार आहेस, असं माईने विचारलं. तिने पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या. तिला आत सोडतील की नाही, कोण जाणे.
एसटी सहाची. खिडकीजवळची जागा धरून ठेवायला सांगून गेली. माझ्या शेजारची.