नळीवर चढवलेला गंज

काका,

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी अरादहून एक माणूस चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन माझ्या दारात आला. मी दार अर्धंच उघडलं. वॉचमनही त्याच्या मागोमाग लिफ्टमधून वर आला होता आणि चादरीकडे टक लावून बघत होता, तेव्हा या दोघांचं काहीतरी संगनमत आहे असंच मला वाटलं. माणसाने परवान्याचा कागद पुढे केला. तो मी दोनदा वाचला, उजेडात धरून शिक्का बघितला, मोबाइलवर फोटो काढून ठेवला. त्याने चादर दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "मेरा बाबा बोलता था, वो दूसरा इंडियन बहुत शक करता है." तेव्हा मी त्याला ओळखलं. तुमच्या त्या अरादच्या म्हाताऱ्याचा हा धाकटा मुलगा. म्हातारा जाऊनही आता काही वर्षं झाली. चादरीत होती ती त्यांच्या पणजोबांची ठासणीची बंदूक, तुम्ही तपकिरी करून दिलेली, त्यांच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांच्या डोक्यावर टांगलेली. चाप कधीचा जाम, बार उडण्याचा प्रश्नच नाही. वरून एसीचं पाणी गळत राहिलं होतं आणि नळीचा वीतभर भाग पार खराब झाला होता. त्याला ती पुन्हा पहिल्यासारखी करून हवी होती. आणि मला, सतरा वर्षांनी, पुन्हा तुमचा राग आला.

तुम्ही तुबलीच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने फिटर आणि मी तिथला नवा क्वालिटी इन्स्पेक्टर, पुण्याहून इथे आखातात आलेला. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याची चूक शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि खरं सांगायचं तर ते मला नोकरी लागण्याआधीपासूनच जमत होतं. कुणी वेल्डिंग चांगलं केलं की मी आधी त्यात काय लपवलंय ते बघायचो. तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाही. "या इन्स्पेक्टर, आज कुणाला फासावर द्यायचं?" असं सगळ्यांसमोर म्हणायचात, आणि लोक हसायचे. जिदहफ्समध्ये आपण एकाच इमारतीत राहायचो, मी आणि बायको दुसऱ्या मजल्यावर, तुम्ही तळमजल्याच्या एका खोलीत एकटे. कोल्हापुरात शिकारीच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या दुकानात तुम्ही लहानपणापासून हात काळे केलेले, म्हणून इथल्या जुन्या घरांतल्या भिंतीवरच्या बंदुका कागदपत्रांसह तुमच्याकडे यायच्या. साफ करून, तपकिरी करून परत जायच्या. तुमच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा नव्हता, म्हणून शेवटची धुलाई आमच्या स्वयंपाकघरात व्हायची.

ते शुक्रवार मला अजून दिसतात. तुम्ही जिना चढून येता, नळी दोन्ही हातांत आडवी, पण हात नळीला नाहीतच. दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकलेली आणि फक्त बुचांना धरलेलं. दारातूनच म्हणता, "वैनी, आज फोडणी नगं. तेलाचा धूर बसला की समदं वाया." बायको कुरकुरते, तरी दहीभात कालवते आणि फोडणी न घालताच वाढते. गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं. त्या आधी आठ-दहा दिवस तुम्ही तुमच्या बाथरूममध्ये ती नळी टांगून ठेवलेली असते. स्वच्छ धुतलेल्या लोखंडावर फडक्याने एक हात त्या पाण्यासारख्या, गंज चढवणाऱ्या औषधाचा, मग बादलीभर गरम पाणी खाली ठेवून दार बंद. दुसऱ्या दिवशी नळीवर गंजाची मऊ पूड धरलेली असते. ती तारेच्या ब्रशने झाडायची, पुन्हा एक हात, पुन्हा दार बंद. जगात सगळे गंज काढतात आणि तुम्ही तो हाताने लावत बसता, याचंच मला आधी नवल वाटलं होतं. शेवटी उकळतं पाणी ओतून, पुसून, मेण चोळलं की नळीला पिकल्या खजुरासारखा रंग येतो. मी ती खिडकीशी नेऊन इंच न् इंच बघायचो. डाग सापडायचा नाही, आणि त्यानेच माझी चिडचिड व्हायची.

मला शिकवा म्हणून मीच मागे लागलो होतो. तुम्ही लगेच हो म्हणालात, तेही मला संशयास्पद वाटलं. एवढी कला कुणी अशी सहज देतं का? तुम्ही तुमच्या औषधातलं निम्मं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलंत, भंगारातला नळीचा एक तुकडा दिलात, आणि मी आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये सुरुवात केली. पहिल्याच वेळी डाग. कुठे काळं, कुठे नारिंगी, कुठे काहीच नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी तासातासाने जाऊन बघायला लागलो, टॉर्च घेऊन. "अहो, तुमचं पोट बिघडलंय का?" बायको विचारायची. मी वहीत वेळा लिहून ठेवायचो. कधी, कुठे, किती डाग. माझी पद्धत बिनचूक होती, मग चूक औषधात असणार. तुम्ही मला दिलेल्या बाटलीत काहीतरी कमी होतं.

एकदा मी तुम्हाला वर्कशॉपच्या दारात गाठून सरळ विचारलं, की त्यात अजून काय घालता? तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. "त्यात काय बी न्हाई जादा. तू सारखं दार उघडून बघतोस न्हवं? बाहेरचं एसीचं कोरडं वारं आत शिरतंय. ओल मोडली की गंज बुजतोय. एकदा लावला की बारा तास त्याच्याकडं बघू नगंस." मी म्हणालो, बघितल्याशिवाय कळणार कसं? तुम्ही चिडलात. मी तुम्हाला चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "अरं, प्रत्येक गोष्टीवर उभं ऱ्हाऊन पहारा केलास तर तुझ्या हातून काय बी व्हायचं न्हाई. माझ्यावर इस्वास नसंल तर ऱ्हाऊ दे." चार माणसं ऐकत होती. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हातारा पक्का आहे, बघू नको म्हणतो, म्हणजे खोट सापडायला नको. ती म्हणाली, "तुम्ही खरंच बारा तास न बघता राहून बघा की एकदा." मला तिचाही संशय आला, तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं असणार म्हणून.

आता अवघड भाग. त्या वर्षी तुमची साठी झाली आणि वर्कशॉपने व्हिसा वाढवायला नकार दिला. गावी तुमचं कुणी नव्हतं, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. तुम्हाला इथेच राहायचं होतं, हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, पण आमच्याकडे जेवताना दोनदा विषय काढलात. अरादचा म्हातारा तुम्हाला स्वतःच्या व्हिसावर ठेवून घ्यायला तयार होता. त्याच्या नातेवाइकांच्या घरांतून अशा पुष्कळ बंदुका होत्या, दोन-तीन वर्षं सहज निघाली असती. कागद तयार होत होते. आणि एका शनिवारी सकाळी मी अरादला जाऊन म्हाताऱ्याला भेटलो. त्याने मला कॉफी दिली. मी सांगितलं, की तुम्ही औषधात अस्सल माल घालत नाही, वरवरचा रंग आणता, वर्षभरात सगळं उडेल, हे मी इन्स्पेक्टर म्हणून सांगतोय. त्याने भिंतीवरच्या बंदुकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खलास." एवढंच. मी कॉफी संपवून निघालो.

व्हिसा झाला नाही. का झाला नाही, ते तुम्हाला कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही वर आलात, तुमचा झिजलेला तारेचा ब्रश आणि वहीचा एक कागद माझ्या हातात ठेवलात. कागदावर औषधाची पूर्ण कृती, तुमच्या त्या वळणदार अक्षरात, आणि सगळ्यात खाली, "लावून झाल्यावर बारा तास दार उघडू नये." तुम्ही जिना उतरायच्या आत मी तो कागद पाठपोट बघितला, काही खाडाखोड आहे का म्हणून. विमानतळावर मी आलो नाही, ड्यूटी लावून घेतली होती. सहा-सात महिन्यांनी तुमच्या मुलीचा फोन आला. रात्री झोपलात ते उठला नाहीत. ती म्हणाली, "आल्यापास्नं करमतच नव्हतं हो त्यांना." मी म्हणालो, फार वाईट झालं. फोन ठेवला आणि कागद पुन्हा काढून वाचला, काय गाळलंय ते शोधायला. इतका कोडगा होतो मी.

तर गेल्या महिन्यात ही नळी आली. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली, घरात मी एकटा. कागदाप्रमाणे औषध केलं, नळी धुतली, बुचं ठोकली, बाथरूममध्ये टांगली, पहिला हात दिला. दार लावून पाच मिनिटं झाली नसतील, वर्कशॉपमधून फोन. शटडाऊनचं काम अडकलंय, लगेच या. गेलो तो दुसऱ्या दिवशी दुपारीच परतलो. सगळा वेळ नळी डोक्यात, कुणी घरात शिरलं असेल, वॉचमनकडे दुसरी चावी असेल. येऊन दार उघडलं तर वाफेचा ओलसर वास आला आणि नळीभर एकसारखी पूड धरलेली होती, टोकापासून टोकापर्यंत. मी ब्रशने झाडली. खाली तोच रंग. मग मी कमोडचं झाकण टाकून त्यावर बसलो. पुढचे नऊ दिवस मी दार बंद करून मुद्दाम बाहेर जायचो. तुबलीच्या खाडीकाठी गाडी लावून आत बसायचो आणि स्वतःला घरी जाऊ द्यायचो नाही.

मुलगा न्यायला आला तेव्हा त्याने नळीवरून बोट फिरवलं आणि हसला. "बिल्कुल वो बुड्ढा जैसा." मग चादर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "दो-तीन साल दीवार पे था, कुछ नहीं हुआ. फिर बाबा बोला, वो आदमी गलत नहीं था, उसको वापस बुलाओ, व्हिसा मैं देगा. लेकिन नंबर मफी, है ही नहीं. कौन देगा नंबर?" नंबर माझ्याकडे होता, काका. पण तोपर्यंत तुम्ही नव्हतात, आणि नंबर कुणाकडे मागावा याचा विचार करताना त्यांना मी आठवलोच नसेन, किंवा आठवून त्यांनी नको म्हटलं असेल. मी त्याला विचारलं नाही. "इंशाल्ला, अच्छा रहेगा," एवढं म्हटलं आणि लिफ्टपर्यंत सोडलं.

हे मी कुठे पाठवणार? तुमच्या मुलीचा नंबर अजून आहे, तिला हे फोटो काढून पाठवता येईल, असं दोन दिवस मनात आहे. मी ते करणार नाही. इथपर्यंत वाचून ती म्हणेल, चूकभूल झाली, माणूस संशयी होता, त्याला खरंच तसं वाटलं, जाऊ दे. तुम्हीसुद्धा बहुधा तसंच म्हणाला असता. म्हणून उरलेलं फक्त तुम्हाला सांगतो.

मी अरादला गेलो त्याच्या दोन आठवडे आधीच्या शुक्रवारी तुम्ही आमच्याकडे जेवत होतात. मी सिगारेटचं निमित्त करून खाली गेलो. तुमच्या खोलीला नुसती कडी होती. तुमच्या बाटलीतलं औषध मी माझ्या बाटलीत घेतलं आणि माझ्यातलं, तुम्ही मला दिलेलं, तुमच्या बाटलीत ओतलं. तुम्हाला ते कळलं नाही. तुमच्या अस्सल औषधावर माझ्या तुकड्याला पुन्हा डागच पडले. आणि मला दिलेल्या त्याच औषधावर तुमची पुढची नळी नेहमीसारखी सुरेख उतरली. ती मी खिडकीशी नेऊन इंच न् इंच पाहिली होती. अरादला मी हे कळूनसवरून, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो.