एकोणिसाव्या पानावरचा मसुदा

२ मार्च, सोमवार

लाँचची यादी शेवटी माझ्याच टेबलावर आली! चौतीस माणसं. सात वर्षांपूर्वी नदीत लाँच उलटली, त्यातली कधीच न सापडलेली. प्रत्येकाला एक पान — फोटो, वय, अंगावर काय होतं, माहिती कुणी दिली. पानं पक्की झाली की ती माणसं कागदोपत्री मृत, आणि नावं नदीकाठच्या दगडावर कोरायला जाणार.

साहेबांनी आत बोलावलं. "तुम्हाला जड जाईल. दुसऱ्या कुणाला देऊ का?" एकोणिसावं पान ह्यांचं आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, "नको साहेब. टायपिंग ते टायपिंग."

फार शहाणी मी!

३ मार्च, मंगळवार

काम असं. सगळ्या पानांवर मागे तिरका, फिकट शब्द आहे — मसुदा. सहा घरांनी हरकत घेतलीय, 'आमचा माणूस मेला असं लिहू नका' म्हणून. त्यांच्या पानांवर तो राहायचा. बाकी अठ्ठावीस पानांवरून काढायचा. वाटलं, चहा होईपर्यंत उरकेल. एका पानावरचा काढला तर चौतीसच्या चौतीस पानांवरचा गेला! परत आणला. परत काढला. परत सगळा गेला.

पलीकडच्या टेबलावरच्या चष्म्याला विचारलं. (आम्ही सगळे त्याला चष्माच म्हणतो, आता तो ओही देतो.) तो म्हणाला, "हा मागचा शब्द म्हणजे वॉटरमार्क. तो पानात नसतोच, वरच्या पट्टीत, हेडरमध्ये असतो. आणि प्रत्येक पानाचा हेडर मागच्याला चिकटलेला." म्हणजे आधी पानापानात सेक्शन ब्रेक टाकायचा. मग हेडर उघडून 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करायचं — ह्या पानाचं आणि पुढच्याचंही. आणि मगच पुसायचं. "आधी सोडवा, मग पुसा. नाहीतर एकाचं करायला जाल आणि सगळ्यांचं होऊन बसेल."

चौतीस वेळा सोडवलं. मान धरलीय.

५ मार्च, गुरुवार

पहिली प्रत छापली. सहा पानांवर मसुदा, बरोबर. सत्तावीस स्वच्छ.

एकोणिसाव्यावर आहे.

स्क्रीनवर नाही. कागदावर आहे. माझाच गोंधळ असणार.

६ मार्च, शुक्रवार

गोंधळ नाही. हेडर उघडून पाहिला — रिकामा. लिंक तुटलेली. तरी छापलं की येतो. ह्यांच्या फोटोवरून तिरका, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

प्रिंटरवाल्याला बोलावलं. म्हणाला, "ड्रम जुना झाला की आधीच्या पानाची सावली उमटते, ताई. आमच्यात त्याला घोस्ट म्हणतात." आणि स्वतःच हसला. ड्रम बदलला. चाचणीची दहा पानं काढली, लख्ख. मग एकोणिसावं काढलं. त्याचं हसू गेलं. कागद उलटा करून पाहिला, उजेडात धरला, पाने-पक्कड बॅगेत टाकली आणि निघाला.

सासूबाईंनी जेवताना विचारलं, "पान झालं का गं त्याचं?"

"होतंय आई."

"मी त्यावर सही करणार नाही. हरकत पण घेणार नाही. तुझं तू बघ."

हे काय उत्तर! सात वर्षांत बाईंनी मुलासाठी माझ्यासमोर एकदाही हंबरडा फोडलेला नाही. मी समजत होते, माझ्यासाठी आवरून धरतायत.

९ मार्च, सोमवार

आज डोकं चालवलं. ह्यांचं पान उचलून सगळ्यात शेवटी नेलं, चौतिसावं केलं. सुतारकाम करणाऱ्या एका माणसाचं पान एकोणिसावं झालं. छापलं. सुतार स्वच्छ. शब्द ह्यांच्या मागोमाग चौतिसाव्यावर गेला.

म्हणजे पानाचं काही नाही. ह्यांचं आहे.

पान परत जागेवर ठेवलं. हात गार पडले होते. चष्मा म्हणाला, "पंखा कमी करू का?"

१० मार्च, मंगळवार

कोऱ्या फाईलमध्ये सगळं पुन्हा टाईप केलं. फोटो पुन्हा स्कॅन केला. पेन ड्राइव्हवर घेऊन दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याला काहीच माहीत नाही, त्याची मशीन वेगळी, कागद वेगळा. कागद हातात देताना म्हणाला, "बाई, मसुदा काढायचा राहिला."

"कुठेय?"

"हा काय!" बोट ठेवून दाखवलं. बोट ह्यांच्या तोंडावर होतं.

पैसे देऊन सुटे न घेताच बाहेर पडले.

११ मार्च, बुधवार

शब्द गडद होतोय. सोमवारचा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवले. सोमवारी राखेसारखा होता, आज पेन्सिलीसारखा.

साहेबांनी तारीख दिली — बुधवार, अठरा. दगड कोरणारा थांबलाय.

१२ मार्च, गुरुवार

लिहून टाकते. ही वही कुणी वाचत नाही.

ह्यांच्या पानावर खाली आहे — 'माहिती देणार : पत्नी'. माझी सही. 'सकाळी नऊच्या लाँचने पलीकडे गेले. अंगावर निळा शर्ट.'

हे लाँचने गेलेच नव्हते.

त्या सकाळी उशीखाली चिठ्ठी होती. चार ओळी. 'मी जातोय. शोधू नकोस. तुझं काही चुकलं नाही. आईला सांभाळ.' तुझं काही चुकलं नाही! मग कुणाचं चुकलं? सासूबाई आठच दिवसांपूर्वी हृदयाच्या दुखण्यातून घरी आल्या होत्या. त्यांना काय सांगू? दुपारपर्यंत चिठ्ठी ब्लाउजमध्ये घेऊन फिरत होते. मग रस्त्यावरून माणसं पळताना दिसली — लाँच उलटली, लाँच उलटली. नावांची यादी कुणाकडेच नव्हती, तिकिटावर नाव कुठे असतं? काठावर एक कारकून टेबल टाकून बसला होता. रांग होती. मी रांगेत उभी राहिले.

ठरवून नाही. पाय गेले. माझा नंबर आला आणि तोंडातून नाव निघालं. निळा शर्टसुद्धा निघाला.

टाकून दिलेली बायको होण्यापेक्षा विधवा होणं सोपं वाटलं. हे खरं. आईंचं निमित्त झालं, हेही खरं.

मागे पुढे तेहेतीस घरं खरोखर रडत होती आणि मी त्यांच्यात बसून रडले. रडू मात्र खोटं नव्हतं.

१३ मार्च, शुक्रवार

माझं काय चुकतंय ते कळतंय. साहेबांना सांगावं. सांगितलं तर नोकरी जाईल, ते एक वेळ चालेल. पण आईंना काय तोंड दाखवू? साहेबांच्या दारापर्यंत जाऊन आले. दोनदा.

१६ मार्च, सोमवार

आज शब्द काळा आहे. खालचं नाव वाचता येत नाही.

सुताराची बायको आली होती, पान बघायला. मी चुकून तिला ह्यांचंच पान दाखवलं का, म्हणून दचकले; तर नाही, तिच्या नवऱ्याचंच होतं. स्वच्छ. तिने फोटोवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं झालं ताई. आता तरी तो सुटला म्हणता येईल." मग मला जवळ घेतलं, कारण तिच्या लेखी मीही तिच्यासारखीच. उद्या सांगणार. नक्की.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी साहेबांकडे जाण्याआधी पुरावा म्हणून पान छापायला घेतलं. सव्वाअकरा झाले होते. शब्द अर्धवट आला — 'मसु'. दुसरा कागद आला तो नुसता धुरासारखा. तिसरा स्वच्छ.

चौथा, पाचवा, सहावा. स्वच्छ. मी काहीही केलं नव्हतं!

चष्म्याने मागून बघितलं. "जमलं की! काय केलंत?"

"माहीत नाही."

ह्यांचा चेहरा कागदावर इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता. कानाजवळचा तीळसुद्धा.

साहेबांना काही सांगितलं नाही. देवा, मला क्षमा कर, मला इतकं हलकं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

यादी गेली. अठ्ठावीस पक्की, सहा मसुदा.

२० मार्च, शुक्रवार

घरी आले तर सासूबाई फोन मांडीवर घेऊन अंधारलं तरी दिवा न लावता बसलेल्या. म्हणाल्या, "तो दर मंगळवारी मला फोन करायचा. तू ऑफिसला गेलीस की. पहिल्या वर्षापासून. तू लाँचचं सांगितलंस, मग मी तरी तुला खोटं कशाला पाडू? या मंगळवारी आला नाही. तूच लाव ना गं. माझी छाती होत नाही."

लावला. एका बाईने उचलला. आवाज रडून बसलेला. म्हणाली, मंगळवारी सकाळी गेले, अकराच्या सुमारास, बसल्या जागी.

मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्या कोण?"