टेकडीवरचं झाड

मेरिमॅक नदीकाठ, न्यू हॅम्पशायर
१२ ऑगस्ट १७७६

प्रिय जोथम,

तुझं पत्र पोचलं. राजाच्या ताब्यातल्या हॅलिफॅक्सला धडधाकट आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे आम्हीही बरे आहोत, म्हणजे आपले उभे आहोत. गवत कापून झालं. तांबडी गाय व्याली. आई चहाऐवजी रासबेरीच्या पानांचा काढा पिते आणि रोज करवादते, "काय गिळायला लावलंय मेल्यांनी!" मेले म्हणजे तुझ्या राजाची माणसं की राजाविरुद्ध उठलेली आमची गावकमिटी, ते काही सांगत नाही.

तू विचारतोस, "दादा, चहावरच्या करापायी एवढा आकांत कशाला?" अरे, चहाचं त्या बोस्टनवाल्यांना विचार. आपल्या घरात भांडणाचं मूळ ते झाड होतं.

टेकडीवरचा तो पांढरा पाइन, आजोबांनी राखलेला. तुझं लग्न ठरलं की त्याच्या फळ्या तुझ्या घराला घालायच्या, असं बाबांच्या मनात होतं. आणि तू राजाच्या जंगलखात्यात लागलास, तीन महिन्यांत त्याच झाडावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून राजाचा बाण कोरून आलास. झालं, झाड राजाच्या जहाजाच्या डोलकाठीसाठी राखीव!

त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "जमीन कोणाची रे?"

"तुमची."

"मग झाड?"

"कायदा आहे बाबा. ठरल्यापेक्षा जाड झालं की ते राजाचं."

"आणि हा कायदा करताना तिथे आपल्यातलं कोण बसलं होतं?"

तू नुसता घेवडा चिवडत बसलास. शेजारचा एलिफलेट म्हणाला, "पोटं सांभाळा रे, ठरल्यापेक्षा जाड झाली तर त्यांच्यावरही बाण मारतील!" आपण सगळे हसलो. बाबा हसले नाहीत, ताटावरून उठून गेले. बिनसलं ते तिथे, जोथम. कर काय, कुरकुरत का होईना, भरलाही असता माणसांनी. पण न विचारता समुद्रापलीकडून हुकूम सुटायचा आणि तो घेऊन आपलंच पोरगं दारात उभं राहायचं, हे कोणाला सोसवेल?

आता मघापासून टाळतोय ते लिहितो. बाबा फेब्रुवारीत गेले. खोकला होता. तुला कळवायला हात उठला नाही, माफ कर. जमीन गोठलेली, म्हणून दफन एप्रिलपर्यंत थांबलं. तेवढ्या अवधीत मी आणि एलिफलेटने तो पाइन पाडला. त्याचीच पेटी कर, असं बाबा आधीच सांगून गेले होते. आणि म्हणाले होते, "बाणाची फळी झाकणाला लाव. खूण तासू नकोस. पोराच्या हातची आहे."

मी तासली नाही.

जूनमध्ये कमिटीची माणसं कागद घेऊन आली. राजाच्या फौजेशी हत्यारानिशी लढू, असं त्यावर होतं. गावातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. मग त्यांनी विचारलं, "तुझा धाकटा परत आला तर?" मी म्हणालो, "मी स्वतः आणून तुमच्यापुढे उभा करीन." भ्यालो, असं म्हण. डोक्यावरचं छप्पर, आई, माझी पोरं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पण शब्द दिला तो दिला, आणि मी तो पाळीन हे तू जाणतोस. म्हणून 'घरी परत येऊ का' असं तू विचारलंस त्याचं उत्तर एवढंच: येऊ नकोस. यंदा नको, पुढल्या वर्षीही नको. मी फार थकलोय रे, तुला धरून देणंही माझ्याच हातून व्हायला नको.

आई शेजारी बसली आहे. तिला वाचता येत नाही, तुला ठाऊकच आहे. सकाळपासून सांगतेय, "लिही, पोरा लवकर ये, तुझं अंथरूण उन्हात घालून ठेवलंय." मी तेच लिहितोय असं तिला वाटतंय. आता लेखणी मागतेय. खालची फुली तिची आहे. ती 'ये' म्हणते आहे.

तुझा दादा,
असाहेल

×